वरच्या पापणीच्या कडेला

जठारपेठ, अकोला
१२ जानेवारी २०२५

दामिनी,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहायची पद्धत मला ठाऊक आहे. तुझ्या बाबतीत मी ती पाळणार नाही, आणि तुला त्याचं नवल वाटायचं कारण नाही.

उद्या कुरिअरनं तुझ्या अमरावतीच्या पत्त्यावर औषधाची बाटली निघेल. सोबत माझी चिठ्ठी असेल. हे पत्र त्या पुडक्यात नाही. हे मी माझ्या खोलीत ठेवून सवडीनं लिहीत जाणार आहे आणि तुला पाठवीन तेव्हा त्याचा तुला काडीचा उपयोग नसेल. म्हणून तर निवांत लिहिते आहे.

तुझं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. तुझ्या लग्नानंतर मी तुझा नंबर ब्लॉक केला, तर तू पोस्टानं आलीस. चिवट आहेस. नणंदेच्या लग्नात पार्लरवालीनं तुला खोट्या पापण्या चिकटवल्या, दुसऱ्या दिवशी ओढून काढल्या, तर त्यांच्याबरोबर तुझ्या स्वतःच्याही आल्या. तुझा कुंदन म्हणतो, तू आजाऱ्यासारखी दिसतेस. 'ताई, तू चामडीच्या डॉक्टरकडं कामाले आहे, मले पापण्या वाढाचं काही औषध धाड.' हे वाचून मी दवाखान्यात सगळ्यांसमोर हसले. डॉक्टर मॅडमनी विचारलं, काय झालं ग मंजुषा? म्हटलं, काही नाही, बहिणीचं पत्र आहे.

आता नीट ऐक. ओढून निघालेल्या पापण्या बहुतेक वेळा आपोआप परत येतात. थोडे महिने कळ काढली असतीस तर तुला कशाचीच गरज पडली नसती. हे मी चिठ्ठीत लिहिलेलं नाही.

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून मी ते माझ्या नावावर लिहून घेतलं. मॅडम मला लपवाछपवी करणारी समजत नाहीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, टॉर्च लावून डोळे पाहिले, काचबिंदूचे थेंब चालू आहेत का, डोळा आलाय का, दिवस राहिलेत का, सगळं रीतसर विचारलं. मग म्हणाल्या, तुझी बुबुळं काळी आहेत, तुला रंगाची काळजी नाही. घाऱ्या डोळ्यांच्या बाईला हे देताना मी दहा वेळा विचार करते. औषध डोळ्यात जात राहिलं तर घारा रंग गडद होत जातो आणि एकदा झाला की बंद करूनही परत येत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांचे काळेच आहेत, मॅडम.

आईचे घारे होते. आई जाऊन वर्ष उलटलं. आता आपल्या घरात ते डोळे फक्त तुझ्याकडे आहेत.

चिठ्ठी मात्र मी मॅडमच्या वरताण लिहिली आहे. चेहरा धुऊन, काजळ-बिजळ पुसून, झोपताना एकदाच लावायचं. डब्यातला बारीक ब्रश घ्यायचा, त्याच्यावर एक थेंब आणि वरच्या पापणीच्या कडेला, केस उगवतात तिथं, एकच रेघ. खालच्या पापणीला लावायचं नाही. दुसऱ्या डोळ्याला नवा ब्रश, वापरलेला फेकायचा. बाटलीचं तोंड कशाला टेकवायचं नाही. जास्त झालेलं लगेच टिपून घ्यायचं, नाहीतर ओघळ जाईल तिथं लव येते. दोनदा लावलं म्हणून लवकर वाढत नाही, दोन-चार महिने धीर धरायचा. डोळा लाल झाला, दुखला, धुरकट दिसलं तर बंद करून डॉक्टर गाठायचा. हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि एकच वाक्य लिहिलं नाही.

तू सांगितल्याप्रमाणे वागलीस तर औषध डोळ्यात फारसं जाणार नाही आणि कदाचित काहीच होणार नाही. एवढी संधी मी तुला ठेवली आहे. तू मला तेवढीही ठेवली नव्हतीस.

९ मार्च

तुझं दुसरं पत्र काल आलं. ते मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

'ताई, ते ब्रश संपले. इकडं भेटत नाहीत. मंग मी बोटानंच लावून राहिली, खालच्या पापणीच्या आतून, आई आपल्याले काजळ घाले तसं. जरा झोंबते, पण मंग थंड वाटते. असं चालते ना?'

असं म्हणजे कसं, ते तुझ्यापेक्षा मला जास्त माहीत आहे. आई करंगळीच्या शेजारचं बोट तव्यावरच्या काजळात बुडवायची, आपली हनुवटी धरायची आणि खालची पापणी ओढून आतून बोट फिरवायची. मग म्हणायची, मिटा डोळे अन् गपचूप बसा. काजळ सगळ्या डोळ्यात पसरायचं. औषधही तसंच पसरत असेल. दवाखान्यात येणाऱ्या बायांमध्ये ही चूक कुणी ना कुणी करतंच. त्यांना मी ओरडून सांगते, बाई, हे काजळ नाही. हात धरून रेघ मारून दाखवते. माझ्यामुळे कितीतरी जणींचे डोळे धड राहिले आहेत.

तुला मी आज उत्तर टाकलं. त्यात लिहिलं, 'जमतंय ना, मग चालू दे.'

तू विचारशील, एवढा विखार कशासाठी? विचारणार नाहीस म्हणा, तू कधी विचारलं नाहीस. तरी लिहून ठेवते.

अमरावतीचे पाहुणे पातूरला आपल्या घरी मला पाहायला आले होते. मला, मंजुषाला. थोरलीचं ठरेपर्यंत धाकटीनं समोर यायचं नाही अशी आपल्याकडची रीत, म्हणून आईनं तुला शेजारी कौशल्याकाकूंकडे बसवून ठेवलं होतं. मी पोहे घेऊन बाहेर आले. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. नांदगाव खंडेश्वरला त्यांचं शेत आहे, कुंदन अमरावतीत नोकरीला आहे, असं त्याचे वडील देवराव बाबांना सांगत होते. कुंदननं मला विचारलं, अकोल्यात एकट्या राहता का? आवाज बरा होता त्याचा. मला तो आवडला होता. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही.

तेवढ्यात मागच्या दारानं तू आलीस आणि बैठकीतून सरळ चालत गेलीस. फोनचा चार्जर घ्यायला. जाताना पाहुण्यांकडे पाहून हसलीस. कुंदनच्या हातातला चमचा पोह्यांच्या बशीवर तसाच राहिला.

दोन दिवसांनी निरोप आला. 'ती घाऱ्या डोळ्यांची आहे, तिचं करता काय?' तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं त्यांना. मग आईनं मला शेवंतीच्या वाफ्यात नेलं आणि सांगितलं. म्हणाली, चांगलं ठिकाण आहे, सोडता येत नाही, तुझं पुढं होईल. काही झालं नाही पुढं. नंतर आलेल्या प्रत्येकानं एकच विचारलं, धाकटी आधी कशी उजवली, थोरलीत काही खोट आहे का? आणि उत्तराला थांबलं कुणी नाही.

तुझ्या लग्नात मीच तुझ्या डोळ्यांत काजळ घातलं. आईनं सांगितलं म्हणून. रेघ एकदम सरळ आली.

१८ मे

अकोल्यात उन्हानं माणसं घराबाहेर पडत नाहीत. दवाखानाही रिकामा असतो. मी टेबलाशी बसून तुझ्या डोळ्यांचा विचार करते. तुझा एवढा विचार मी लहानपणीही केला नसेल.

तुझं पत्र आलं आहे. बाटली संपली, दुसरी पाठव म्हणतेस. पापण्या आल्या म्हणे, दाट आल्या, शेजारणी विचारतात खऱ्या आहेत का? डोळ्यांखाली जरा काळं पडलंय आणि गालावर बारीक लव आलीय. येणारच. ओघळ टिपत नाहीस.

आणि शेवटी एक ओळ आहे. 'ताई, अजून काही सांगाचं राहिलं असन तर सांग. मी आयकीन.'

ही ओळ तुझ्यासारखी नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. तुझ्या डोळ्यांत फरक दिसायला लागला का? दिसला असता तर तू रडत आली असतीस. कुणी काही बोललं का? मला क्षणभर वाटलं, पुरे झालं. एक ओळ टाकावी, थांब म्हणावं. अजून बहुतेक रंग शाबूत असेल. मी कागदही घेतला होता.

मग दवाखान्यात एक बाई आली, मुलीचं लग्न ठरलंय म्हणून मुलीचे डाग घालवायला. तिनं मला विचारलं, तुमचं झालं का हो लग्न? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, असू दे, असतं एकेकाचं.

बाटली आज पाठवली. आत चिठ्ठीवर लिहिलं, 'सांगायचं काही राहिलेलं नाही.'

३ सप्टेंबर

काल महालक्ष्म्यांचं विसर्जन झालं आणि मी अकोल्याला परत आले. तू परवा रात्रीच अमरावतीला गेलीस. आता जे घडलं ते तुलाच सांगायचं म्हणजे वेडेपणा आहे, पण माझ्या बाजूनं ते कसं होतं हे तुला माहीत नाही.

आई गेल्यापासून आपल्याकडच्या महालक्ष्म्या कशाबशा बसतात. कुंदनकडे बसत नाहीत, म्हणून बाबांनी तुला बोलावून घेतलं. मी पातूरला पोचले तेव्हा तू दाराच्या उजेडात बसून मुखवटे पुसत होतीस, ज्येष्ठेचा मांडीवर आणि कनिष्ठेचा शेजारी. बाबा म्हणत होते, 'दामिनी, यायले काजळ तूच घाल. तुह्या हाताले मायचं वळण आहे.' बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. त्यांना तू दिसत होतीस ती आवाजानं आणि अंदाजानं.

मग तू वर पाहिलंस. पापण्या मुखवट्यासारख्या होत्या, काळ्या, लांब, टोकाला वळलेल्या. आणि बुबुळं मातीच्या रंगाची झाली होती. आईचा मधासारखा रंग कुठंच नव्हता. तुझ्या जागी चारचौघींसारखी एक बाई बसली होती.

मला वाटलं होतं, आनंद होईल. झाला. खोटं कशाला लिहू?

दुपारी आपण दोघी मागच्या अंगणात सोळा भाज्या निवडायला बसलो. तू दोडक्याच्या शिरा काढत होतीस. एकदाही वर न पाहता तू बोलायला लागलीस.

"मेडिकलवाल्यानं सांगतलं होतं मले, मे महिन्यात. चिठ्ठीबिगर देत नाही म्हणाला. मंग माह्याकडं पाहून म्हणते, वहिनी, घाऱ्या डोळ्यात हे जाऊ देऊ नका, रंग कायमचा जाते."

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. मी विचारलं, मग वापरत कशाला राहिलीस?

"तवाच बंद केलं होतं. मंग वाटलं, ताईले एकडाव इचारून पाहू. म्हणून लिहिलं, काही सांगाचं राहिलं काय." दोडका संपला, तू दुसरा घेतलास. "तू बाटली धाडली."

मी गवार पुन्हा मोडायला घेतली.

"चार्जर कौशल्याकाकूकडंबी होता. मले पाहुण्यायसमोर याचंच होतं. तुहं होतं ते मी घेतलं, तुले माहे डोळे पाहिजे होते, ते देऊन टाकले. दुसरी बाटली मी पुरी संपवली, बोटानं, आतून. आता फिटलं आपलं. आता मले पत्र धाडू नको, मीबी धाडणार नाही."

मग तू हसलीस. म्हणालीस, कुंदनला अजून समजलेलं नाही. रोज समोर बसून जेवतो, पण त्याच्या लक्षात आलेलं नाही. ज्या डोळ्यांसाठी त्यानं मला नाकारून तुला निवडलं, त्यांचा रंग त्यानं नंतर कधी पाहिलाच नव्हता.

तेव्हापासून मी धुमसते आहे. तू समजतेस तशी पश्चात्तापानं नाही. मी तुझ्याकडून काहीतरी हिसकावून घेतलं होतं, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आणि तू ते दान दिल्यासारखं करून टाकलंस. माझ्या हातात माझा रागसुद्धा ठेवला नाहीस. संध्याकाळी तू त्या दोघींच्या डोळ्यांत काजळ घातलंस. आधी ज्येष्ठेच्या, मग कनिष्ठेच्या, रीतीप्रमाणे. बाबा हात जोडून उभे होते.

१८ ऑक्टोबर

पत्र धाडू नको म्हणालीस. हे शेवटचं. यापुढे मला तुला लिहिण्यासारखं काही उरणारही नाही.

आज धनतेरस. बाबा दिवाळीच्या बाजाराला झेंडू आणि शेवंती घेऊन पहाटेच अकोल्याला आले होते. माल लवकर संपला. मग दवाखान्यात आले आणि म्हणाले, चल मंजू, तुझ्या मायचा फोटो करायचा आहे. आई कधी फोटोला उभी राहिली नाही, तुझ्या लग्नातसुद्धा, त्यामुळे भिंतीवर लावायला धड फोटो नाही, आधार कार्डावरचा मोठा केला तर चेहरा भुतासारखा येतो. म्हणून त्यांनी त्या दोघांच्या लग्नातला तिचा जुना फोटो आणला होता, काळापांढरा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. हल्ली स्टुडिओत त्यात रंग भरून देतात, असं त्यांना बाजारात कुणी सांगितलं होतं.

आम्ही जठारपेठेतल्याच एका स्टुडिओत गेलो. पोरगेलासा माणूस कॉम्प्युटरवर बसला होता. त्यानं साडीचा रंग विचारला, बाबा म्हणाले हिरवी. कुंकू मोठं कर म्हणाले. मग त्यानं विचारलं, डोळे कोणत्या रंगाचे करू?

"घारे," बाबा म्हणाले.

घारे म्हणजे नेमके कसे, हिरवट की पिवळट की राखाडी, त्यानं पडद्यावर पाच-सहा रंग दाखवले. बाबांना त्यातलं काही दिसेना. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, महालक्ष्म्यांच्या दिवशीचा दामिनीचा फोटो काढून दाखव त्याला.

"पोरीचे डोळे मायचेच आहेत. पाहून तसेच कर."

मी फोटो काढून दिला. स्टुडिओवाल्यानं मोठा करून पाहिला. मला म्हणाला, ताई, हे तर तपकिरी आहेत. दामिनी, आईचे डोळे असे होते का, याचं उत्तर माझ्याकडे होतं. दोन अक्षरांचं तर होतं, नाही. पण ते उच्चारलं की पुढचं सगळं बाबांना सांगावं लागलं असतं, बाटलीपासून. मी म्हटलं, बाबा सांगतात तसं करा.

थोड्या वेळानं त्यानं फोटो छापून आणला. हिरवी साडी, मोठं कुंकू आणि काळपट तपकिरी डोळ्यांची एक अनोळखी नवरी. बाबा फोटो दाराशी उजेडात घेऊन गेले. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. बराच वेळ पाहत राहिले.

"अशीच होती काय वं, मंजू? मले आता आठवत नाही."

मी म्हटलं, "अशीच होती, बाबा."

ते हो म्हणाले. फोटो शर्टाच्या आत, पोटाशी धरून पातूरच्या गाडीत बसले. आतापर्यंत भिंतीवर लागला असेल. भाऊबीजेला जाशील तेव्हा पाहशीलच.

तुझ्या लग्नाचा अल्बम तुझ्याकडे आहे. त्यात तुझे जुने डोळे आहेत, म्हणजे आईचेही आहेत. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन डिसेंबरात आहे, मग त्यांना सगळं स्वच्छ दिसेल, भिंतीवरचं आणि तुझ्या चेहऱ्यावरचंही. त्याआधी अल्बम दाखवायचा की जाळायचा ते तुझं तू ठरव. मी काही सांगणार नाही, हे तुला आता माहीत आहे.

औषध अजून लावत असशील तर बंद कर. अचानक बंद केल्यानं त्रास होत नाही. पापण्या हळूहळू गळतील आणि काही महिन्यांत पूर्वीसारख्या होतील. रंग पूर्वीसारखा होणार नाही.

मंजुषा